बर्फाच्या कारखान्यातले मोर

मुनीर,

तुझ्या जियारतीचं, मरणानंतरच्या तिसऱ्या दिवसाचं जेवण उरकलं, माणसं पांगली, आणि तुझे बडे भाई मला हाताला धरून कारखान्यात घेऊन गेले. घरात सख्ख्या भावाचं दुःख ताजं असलं तरी बर्फाचा कारखाना बंद ठेवता येत नाही, आणि नांदेडच्या उन्हाळ्यात तर नाहीच नाही. लाद्या ठेवायच्या थंड खोलीचं जाड दार त्यांनी ओढून उघडलं आणि मागच्या भिंतीशी रचलेल्या तुझ्या निळ्या क्रेटकडे बोट दाखवलं. "मास्तर, अब इसका क्या करना, तुम बोलो. मेरेकू तो कुछ समझता नै."

मला तरी काय समजतंय? क्रेटमध्ये चांदीच्या कागदात गुंडाळलेली तुझी पाकिटं. कुठं मोराचं काळीज, कुठं लांडोरीचा मेंदू, कुठं तित्तराची दाणे साठवायची पिशवी, आतल्या गुलाबी ज्वारीसकट. प्रत्येकावर पेन्सिलीनं एक आकडा आणि पुढं 'खरीप' किंवा 'रब्बी'. बस. गाव नाही, शिवार नाही, माणूस नाही. ते सगळं तुझ्या डोक्यात होतं, आणि तुझ्या डोक्याला आम्ही सगळ्यांनी मिळून मिट्टी देऊन आलो.

मी तुला किती वेळा सांगितलं असेल, मुनीर, की लिहून ठेव. एस.टी.त सांगितलं, फोनवर सांगितलं, तुझ्या घरी भाभींसमोर सांगितलं. तू म्हणायचास, "लिहिलं की सापडतं." हे एकच वाक्य, आणि पुढं चहा. आता बस तिकडं आरामात.

तू कुठं जन्मलास, कितवा आलास, कोणत्या कॉलेजात किती वर्षं होतास, हे पेपरात आलंय. अर्धं चुकलंय, पण आलंय. कॉलेजनं शोकसभाही घेतली. स्टेजवर मोठं बॅनर, त्यावर पिसारा फुललेला मोर, आणि खाली 'पक्षीमित्राला भावपूर्ण आदरांजली'. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि मला तुझाच आवाज ऐकू येत होता, "पक्षीमित्र कोण रे? मैं विष का आदमी हूं." तुला पक्षी आवडायचे असं मला एवढ्या वर्षांत कधी वाटलं नाही. दुर्बीण तू कधी गळ्यात घातली नाहीस. पहाटे तळ्यावर जाणाऱ्या हौशी लोकांची तू यथेच्छ टिंगल करायचास. तुला हवा असायचा तो मेलेला पक्षी, आणि तो का मेला याचं उत्तर. तुझ्या वाट्याला आलेला एकही मोर पिसारा फुलवलेला नव्हता. सगळ्यांचे पाय ताठ, चोचीला फेस आणि नख्या आवळलेल्या. हे त्या सभेत उठून सांगावं असं फार वाटलं, पण मी थकलोय रे. चूपचाप हार घातला आणि खाली उतरलो.

तुझी आठवण काढायला बसलं की मन पहिल्यांदा भूकंपाकडंच जातं. तेव्हा आपण दोघंही लातूरच्या कॉलेजात तासिकेवर होतो. दोघांत एक खोली, एक स्टोव्ह, एक स्कूटर. मी हदगावकडचा, घरात पहिलाच मास्तर झालेला. तू नांदेडचा, बर्फवाल्यांचा धाकटा, ज्याला घरच्यांनी शिकवलं ते केवळ त्याला लाद्या उचलायचा कंटाळा होता म्हणून. सकाळी तू मला "जयभीम मास्तर" म्हणायचास, मी तुला "सलाम बर्फवाले" म्हणायचो, आणि मग कुणी दूध आणायचं यावरून भांडण.

त्या पहाटे लातूरही हललं, पण आपली खोली उभी राहिली. किल्लारीकडं काय झालंय ते दुपारपर्यंत कळत गेलं आणि दुसऱ्या दिवशी आपण कॉलेजच्या पोरांबरोबर ट्रकमधून गेलो. जे पाहिलं ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही, तुलाही पुन्हा कधी विचारलं नाही. दगडांचे ढीग, वर पाऊस, आणि वास. रोगराई पसरू नये म्हणून जो तो पावडर आणत होता. पांढरी, पिवळट, पोत्यांनी. ढिगाऱ्यावर, जनावरांवर, पत्र्याच्या शेडभोवती, जिथं माणसं जेवायला बसत तिथंही. त्या गर्दीत कोण कुणाला काय विचारणार? माशा पडायच्या, किडे पडायचे, आणि ते खायला साळुंक्या उतरायच्या. थोड्या वेळानं साळुंक्याही पडायच्या.

तू त्या वेचायला लागलास. पेपरात गुंडाळून पिशवीत. मी तुला कोपऱ्यात ओढलं, म्हणालो, "लाज वाटू दे जरा. लोक काय म्हणतील?" आणि लोक म्हणालेच. एक म्हातारा आपल्या घराच्या ढिगावर बसला होता, दोन दिवस हललेला नव्हता म्हणे. तो तुझ्याकडं बघून म्हणाला, "माझी समदी दबली हिथं, अन् तू साळुंक्या येचून राहिलास व्हय?"

तू पिशवी खाली ठेवलीस आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलास. बराच वेळ. काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. मला वाटलं, चला, डोकं ठिकाणावर आलं. दुसऱ्या दिवशी तू सकाळभर त्याच म्हाताऱ्याबरोबर दगड उपसलेस आणि दुपारी पुन्हा पिशवी घेऊन साळुंक्या वेचायला लागलास. मी भडकलो. तू शांतपणे म्हणालास, "माणसं मोजायला अख्खं सरकार आलंय, गौतम. यांना कोण मोजणार? आणि ज्यानं ह्या मेल्या, त्यातच लेकरं जेवून राहिलीत."

ते भांडण आपलं कधी मिटलं नाही. त्या ठिकाणी, त्या दिवसांत ते शोभत नव्हतं असं मला आजही वाटतं. तू बरोबर होतास हेही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं आणि म्हणूनच त्या भांडणाला कधी शेवट आला नाही. संध्याकाळी मात्र तू शेडभोवतीची पावडर फावड्यानं उचलून खड्ड्यात लोटलीस, आणि मीही दुसरं फावडं घेतलं. तुझं पहिलं संशोधन म्हणजे ते. त्याचा पेपर कुठं छापून आला नाही.

नंतर तू नांदेडला गेलास, कायम झालास. मी लातुरात राहिलो आणि काही वर्षांत कॉलेज सोडून क्लासमध्ये गेलो. तू मला चिडवायचास, पण मला त्याचा पस्तावा नाही आणि तुझ्या मरणानंतरही मी तो आणणार नाही. तासिकेच्या पैशात भाकरी भागत नव्हती. आणि भूकंपानंतर सगळा जिल्हाच जणू पोरांना पुस्तकाच्या भिंती बांधून देत होता. दगडाच्या भिंतींवर कुणाचा भरवसा उरला नव्हता. लोह्याची पोरं, मुदखेडची पोरं, किनवटची, उदगीरची, सगळी ट्रंक घेऊन ट्युशन एरियात उतरायची. खोल्या, मेस, झेरॉक्स, पुन्हा खोल्या. मी माइक लावून जीवशास्त्र शिकवायचो. अन्नसाखळीत विष कसं वर वर चढत जातं, पाण्यातून माशात, माशातून पक्ष्यात, पक्ष्याच्या अंड्याचं कवच कसं पातळ होतं. हमखास एका प्रश्नाचा भाग. तू म्हणायचास, "माझी सगळी जिंदगी तू चार पर्यायांत उरकतोस, मास्तर." मी म्हणायचो, "पण माझी पोरं बरोबर पर्याय निवडतात. तुझ्या वर्गात बसतं कोण?"

तेही खरंच होतं. तुझ्या कॉलेजात पोरांची नावं असायची, पोरं माझ्याकडं असायची. तू रिकाम्या बाकांना बेडूक शिकवायचास. एकदा मी नांदेडला आलो तेव्हा तू एकाच मुलीला तास घेत होतास, तोही पूर्ण, खडू झिजवून, फळा भरून.

आणि मग ते मोर. ज्वारी, हरभरा, भुईमूग पेरताना बियाणाला विष चोळायची पद्धत आली. मुंग्या नेऊ नयेत, डुकरांनी उकरू नये म्हणून. पेरून झालं की शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, वाटेवर बी सांडलेलं असायचं, गुलाबी गुलाबी. मोर ते टिपायचे आणि तिथंच आडवे व्हायचे. लोह्याकडच्या एका शेतकऱ्यानं विश्वासानं तुला बोलावलं. तू मोर आणलेस, तपासलेस, अहवाल केलास आणि त्यात गावाचं नाव लिहिलंस, जसं कुणीही लिहील. मोर राष्ट्रीय पक्षी. जंगल खात्याची माणसं त्याच्या दारात गेली. ऐन पेरणीत तो कोठडीत, बायको बांधावर. तू हादरलास. प्रत्येक तारखेला त्याच्याबरोबर कोर्टात उभा राहिलास, यानं मुद्दाम मारले नाहीत हे सांगायला, कॉलेजला रजा टाकून. तो सुटला. पण तुला पुन्हा कुणी बोलावलं नाही. मोर मरत राहिले आणि लोक ते रातोरात पुरत राहिले. मेला मोर म्हणजे केस, एवढंच सगळ्यांना कळलं होतं.

मग तू ठरवलंस की नाव कागदावर येणार नाही, कुणाच्याच. तू पुन्हा बांधाबांधानं फिरलास. कुणी चहा दिला, कुणी कुत्रं सोडलं. हळूहळू फोन यायला लागले. "सर, पाहुणे आलेत. येता का?" पाहुणे म्हणजे मेलेले मोर, हे तुम्हा लोकांत ठरलेलं. तू गोणी घेऊन निघायचास. भाभी म्हणायच्या, "तुमच्या पाहुण्यांना माझ्या फ्रिजमध्ये आणलं तर मी माहेरी जाईन." लोडशेडिंगमध्ये कॉलेजचा फ्रीजर तासन्‌तास बंद पडायचा. मेंदूतलं जे द्रव्य तू मोजायचास ते एकदा वितळलं की गेलंच. शेवटी बडे भाईंच्या पाया पडून तू त्यांच्या लाद्यांमागं जागा मिळवलीस. कारखान्याला जनरेटर होता. ज्याला लाद्या उचलायचा कंटाळा म्हणून शिकवलं, तो म्हातारपणी क्रेट उचलत त्याच खोलीत. बडे भाई यावर हसायचे, आणि मग स्वतःच तुझे क्रेट उचलून द्यायचे.

तपासणीचं मशीन नांदेडात नव्हतं. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन तू हैदराबादच्या गाडीत बसायचास. एकदा मी बरोबर होतो. मुदखेडला गाडी थांबली, समोरच्या बाईनं विचारलं, "मछली है क्या? इतनी संभाल के लेके जारे." तू म्हणालास, "नै आपा, दवाई है." बाई म्हणाली, "अल्ला शिफा दे." तू अगदी मनापासून आमीन म्हणालास.

आता मुख्य भांडण. तुझे पेपर परत येत गेले. गाव कोणतं, ठिकाण कोणतं, कुणी गोळा केले, त्याचा पुरावा काय. तू लिहायचास, 'मराठवाड्यातील काही शिवारे'. ते कुणीही कसं छापणार? मी तुला सांगायचो, छापू नकोस, पण घरात तरी लिहून ठेव. उद्या कायदा बदलेल, उद्या तू नसशील. प्राध्यापकपदाची बढती गेली, प्रकल्प गेले, विद्यार्थी तुझ्याकडं यायचे थांबले, कारण तुझ्याकडं पीएच.डी. पदरात पडायची खात्री नव्हती. तू ज्यासाठी एवढं केलंस ते कुणापर्यंत पोचलंच नाही तर त्या मोरांचा तरी काय उपयोग, असं मी एकदा ओरडून म्हणालो होतो. तू म्हणालास, "मी चौकशी करायला विषाच्या मागं निघालो होतो, मास्तर. माणसाच्या नाही."

माझ्या क्लासात तू एकदा बोलायला आलास, आठवतं? खच्चून भरलेला हॉल. मी पोरांना दटावून बसवलं होतं, कारण तू सिलॅबसच्या बाहेरचं बोलणार हे मला ठाऊक होतं. तू गुलाबी बी हातात धरून दाखवलंस, मोर कसा मरतो ते सांगितलंस. पोरं घड्याळाकडं बघत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्या वावरात बी मेले होते दोन. बाबानं पुरले. आमचं गाव..."

तू स्टेजवरून उतरून जवळजवळ पळालास. "नाव सांगू नको, बेटा. बस. खाली बस." मुलगी घाबरली. तू तिच्याजवळ जाऊन हळू काहीतरी बोललास, तेव्हा ती हसली आणि बसली. पाचशे पोरांना काय झालं ते कळलं नाही, मला कळलं. बाहेर आल्यावर मी तुला धरलं. "अरे, पुरावा स्वतःच्या पायानं चालत आला आणि तू त्याला खाली बस म्हणालास!" तू रसाच्या गाड्यावर उभा होतास, ग्लास हातात, कपाळावर घाम. म्हणालास, "त्या हॉलमध्ये एखाद्याचा बाप जंगल खात्यात असंल की. तिला परीक्षा देऊ दे शांततेत." मग म्हणालास, रस फार गोड केलाय. तुला शुगर होती, मुनीर, आणि तू तरी पूर्ण ग्लास प्यायलास.

शेवटचं भांडण फोनवर झालं, तू जायच्या थोडं आधी. मी म्हणालो, "एकदा मला तरी तोंडानं सांगून ठेव. कुठलं पाकीट कुठलं." तू म्हणालास, "तू क्लासवाला. उद्या त्यावर प्रश्नपत्रिका काढशील." दोघंही हसलो. मग तू म्हणालास, "सांगतो रे. ये एकदा नांदेडला. निवांत बसू." मी येतोच म्हणालो. परीक्षेचा मोसम होता, येणं झालं नाही, आणि पुढं बडे भाईंचा फोन आला. यात कुणाचा दोष नाही. दोन म्हातारे लोक 'येतो' म्हणतात, तसंच ते होतं. पण राग येतो. तुझा येतो, मोसमाचा येतो, बसल्या जागी येतो आणि मग थकवा येतो.

जियारतीनंतर मी एका तरुण प्राध्यापकाला फोन केला, हुशार आहे, मोठ्या ठिकाणी आहे. त्याला सगळं सांगितलं. त्यानं आदरानं ऐकलं आणि म्हणाला, "सर, ठिकाण नसेल, साल नसेल, तर या नमुन्यांचा काही उपयोग नाही. नियमाप्रमाणे नष्ट करा." त्याचं चुकलं नाही. मी माझ्या पोरांना हेच शिकवलं असतं. काल म्हणून पुन्हा नांदेडला आलो. बडे भाईंना म्हटलं, आवरून टाकू. त्यांनी गळ्यातला रुमाल डोक्याला बांधला आणि पहिला क्रेट दारापर्यंत ओढला.

तेवढ्यात भाभींनी घरातून निरोप पाठवला, कुणी बाई आल्यात, पुरशाला, सांत्वनाला. घर आणि कारखाना एकाच अंगणात, तर ती बाई निरोपामागोमागच दारात उभी. वय झालेली, नऊवारी, पायात प्लास्टिकची चप्पल, चेहऱ्यावर एस.टी.चा धुरळा. तिला उशिरा कळलं होतं. भाभींजवळ बसून रडून झाली होती, डोळे लाल होते. क्रेट बघून ती थांबली.

"हे सरांचे पाहुणे का?" तिनं विचारलं.

मी चमकलो. ती सांगू लागली, कुणी विचारलं नसताना. हदगावच्या पलीकडचं गाव, तिनं नाव घेतलं. मालक लवकर गेलेला, जमीन तिच्या नावावर, आणि दिराचा डोळा त्या जमिनीवर. एका पेरणीनंतर तिच्या धुऱ्यावर तीन मोर पडले. दिरानं पाहिले असते तर त्याच दिवशी खात्याला कळवलं असतं. "म्या सरांना फोन केला. यष्टीनं आले. माझ्या घरची भाकर खाल्ली, गोणीत पाहुणे भरले अन् गेले. कुनाला बोलले न्हाईत. मला म्हनले, सांडलेलं बी मातीत दाबा, वर ठिवू नका. मंग दर पेरनीला फोन. बाई, बी झाकलं का? हाव सर, झाकलं. मी गल्लीत समद्यांना झाकायला लावलं. तवापासून आमच्या शिवारात मोर मेलेला म्या तरी पाह्यला न्हाई."

मुनीर, याला पुरावा म्हणत नाहीत, हे तुला माझ्याआधी कळलं असतं. एका बाईनं नाही पाहिले म्हणजे मेले नाहीत असं होत नाही. पण तुझे सगळे परत आलेले पेपर मला त्या क्षणी फार लांबचे वाटले, आणि तू दर पेरणीला करत बसायचास ते फोन आठवले. मी त्या फोनांवरूनही तुला बोललो होतो, रिकामटेकडा म्हणालो होतो.

"आता सर न्हाईत," बाई म्हणाली. "आता माझं नाव लिवा. गावाचं बी लिवा. मी आता म्हातारी झाली, दीर बी गेला. केस व्हायची तं हू द्या. सरांचं काम अडू नये माझ्यापायी."

मी तुला इतकी वर्षं जे मागत होतो ते एक बाई स्वतः तिकीट काढून द्यायला आली होती. बडे भाईंनी कुठूनसं पेन काढून माझ्यापुढं धरलं. मग तिनं विचारलं, "यातले माझे कंचे?"

मी आकडे पाहिले. खरीप, रब्बी, खरीप. त्यातलं कुठलंही तिचं असू शकत होतं. नाव दारात उभं होतं, पाकीट समोर पडलं होतं, आणि दोन्ही जोडणारा एकच माणूस होता. मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाई. फक्त त्यालाच माहीत होतं."

ती खाली बसली. चांदीच्या कागदावरचं दव तिनं पदरानं पुसलं, एकाचं, मग दुसऱ्याचं. पदर सावरत म्हणाली, "मंग समदेच माझे धरा. अन् लिवा."

तू असतास तर कपाळावर हात मारला असतास. म्हणाला असतास, असा नमुना चालत नसतो, अम्मा. मी पेन उघडलं, हे तुला कबूल केलं पाहिजे. तिचं नाव मला ठाऊक आहे, गाव ठाऊक आहे, ते कुठल्या फाट्यावर उतरून जायचं तेही तिनं सांगितलं. मी पेन पुन्हा बंद केलं आणि बडे भाईंना परत दिलं. कागदावर लिहिलं नाही, आणि इथंही लिहीत नाही.

बडे भाईंनी क्रेट परत भिंतीशी लावला आणि थंड खोलीचं दार लोटलं. आयुष्यभर भांडून काल मी तुझं ऐकलं, मुनीर, आणि ते सांगायला मला तू हवा आहेस.